खाडीच्या रुंदीएवढी शांतता

बाळांनो, आधी एक काम करा. डोळ्यांसमोर एक खाडी आणा. फार रुंद नको. पलीकडच्या काठावर कुणी काही वाळत घातलं तर पांढरं दिसावं, पण ते धोतर आहे की चादर हे कळू नये, एवढीच रुंद. दोन्ही काठांवर एकेक वाडी वसवा. अलीकडची कुडवे, पलीकडची माणगूळ. आता त्या खाडीवर धुकं पसरवा. हात पुढे केला तर बोटं ओली होतील पण दिसणार नाहीत, इतकं दाट. तुम्ही अलीकडच्या जेट्टीवर उभे आहात आणि तुमचा दोस्त पलीकडे आहे. काय कराल?

हाक माराल. बरोबर. दोन्ही वाड्यांतली माणसं पिढ्यानपिढ्या तेच करत आली होती. घरोघरी फोन आले तरी धुक्याच्या सकाळी हाकच चाले, आणि तिचा एक नियम होता. हाक आली की ओ द्यायची. ज्याच्या नावाची हाक असेल तो घरात नसला, तर ती ज्याच्या कानी पडेल त्याने ओ द्यायची आणि खरं काय ते सांगायचं. "दामूऽऽ" अशी हाक आली आणि दामू बाजाराला गेलेला असला, तर शेजारीण चुलीपुढून उठून काठावर येणार आणि ओरडणार, "ओऽऽ! दामू नाय हिथं, बाजारला गेलाय!" मग हाक मारणारा "बऽऽरं" म्हणून मोकळा. हाक पाण्यावर लोंबकळत ठेवायची नाही. होडीवाला तर पलीकडून ओ आल्याखेरीज वल्हं पाण्यात घालत नसे.

एका वर्षी पाऊस फार झाला. गणपती बोळवून झाले, आभाळ उघडलं, लोकांनी सुस्कारा सोडला. आणि तशाच एका धुक्याच्या सकाळी माणगुळामागचा सडा, म्हणजे जांभ्या दगडाचं ते उंच पठार, चार महिन्यांचं पाणी पोटात घेऊन खाली बसला. कुडव्याच्या लोकांनी फक्त आवाज ऐकला. मग भांडी हलली, खाडीचं पाणी जेट्टीवर चढलं. सगळे काठाकडे धावले. दिसत काहीच नव्हतं. म्हणून त्यांनी हाका मारल्या. ज्याने त्याने आपल्या माणसाचं नाव घेतलं.

ओ आली नाही.

ऊन चढलं, धुकं विरलं, तेव्हा पलीकडे तांबड्या मातीचा उतार होता आणि माणगूळ नव्हतं.

त्या दिवशी जेट्टीवर मंदा तांडेल उभी होती. तिचा नऊ वर्षांचा सारंग माणगुळात मामाकडे राहायला गेला होता. तिच्या पदराला धरून चार वर्षांची पालवी उभी होती.

ही गोष्ट पालवीची आहे.

पालवी अकरा वर्षांची झाली तोवर आईने कुणालाही नाव घेऊन हाक मारली नव्हती. पालवी अंगणात असली की मंदा झाकणावर पळी वाजवी. दोनदा टणटण म्हणजे जेवायला ये. एकदाच लांब टण म्हणजे पाणी भर. शाळेतल्या मुली चिडवायच्या, "पालवे, पळ गो, तुझ्या घरची मधली सुट्टी झाली!" पालवीही त्यांच्याबरोबर हसायची. पण शेजारच्या घरातून "अगो कुठं उलथलीस मेल्ये, इकडं ये आधी!" अशी शिवी आली, की तिला त्या शिवीचासुद्धा हेवा वाटायचा. निदान ती कुणाला तरी मारलेली हाक होती.

त्या वर्षी गावात डॉक्टर तहसीन मुकादम आल्या. औषधाच्या नव्हेत, भाषेच्या डॉक्टर. सरकारने माणगुळाचं स्मारक करायचं ठरवलं होतं आणि त्यासाठी एक नवं यंत्र त्यांच्यासोबत धाडलं होतं. शाळेच्या मोकळ्या वर्गात त्यांनी ते मांडलं. फार काही नव्हतं बघायला. शिलाई मशीनच्या डब्याएवढी करडी पेटी, तिला एक छोटा पडदा.

"हिला म्हावरं कळतं काय गो?" होडीवाल्या गणूतात्यांनी पेटीवर टकटक करून विचारलं.

"मासे नाही कळत, तात्या. माणसं कशाला काय म्हणतात तेवढं कळतं."

"मग आमच्या गावात हिची काय खैर नाय. आमी लोकांना काय काय म्हणतो ते ऐकून लाजून बंद पडंल."

पालवी खिडकीत बसून हसली, तशी तहसीनताईंनी तिला आत बोलावलं. त्यांना शिकवायची हौस दांडगी होती.

"सांग, राग कसा येतो?"

"भडकतो."

"आणि शांत कसा होतो?"

"थंड होतो. विझतो."

"म्हणजे रागाला तू नकळत विस्तव समजतेस. मन कसं होतं?"

"भरून येतं. कधी रितं होतं."

"म्हणजे मन हे भांडं. बघ, ज्या गोष्टी हाताला लागत नाहीत त्यांना आपण हाताला लागणाऱ्या गोष्टींचे कपडे घालतो. याला रूपक म्हणतात. माणूस एकटा असो की अख्खं गाव, दुःखाला तो असंच काहीतरी समजत असतो. कुणी ओझं समजतो, कुणी अंधार, कुणी जखम. त्याला स्वतःला ते ठाऊक नसतं. ही पेटी हजारो वाक्यं ऐकते आणि त्यांच्या तळाशी कुठलं चित्र आहे ते शोधून काढते."

"पण कशाला?"

"कारण माणूस जे समजतो तेच बांधतो. ओझं समजला तर प्रचंड दगड उभा करील. अंधार समजला तर दिवा लावील. चित्र चुकलं तर स्मारक कितीही मोठं बांधा, गाव त्याला ओळखणार नाही. गुरं बांधील तिथे."

तहसीनताईंनी कुडव्यातल्या घराघरांत जाऊन माणसांना बोलतं केलं. मंदाही बोलली. पालवी तिच्या शेजारी बसून होती. मग पेटीने आपला निकाल दिला: जखम. "घाव बसला", "खपली धरत नाही", "काळजाला भोक पडलं". स्मारक समितीचे अध्यक्ष साळगावकर हे ऐकून खूश झाले. त्यांनी मोठ्या शहरातून नमुना करवून आणला. सड्याच्या उतारात एक खोल, लांब चीर, दोन्ही बाजूंना रक्तासारखा तांबडा जांभा, त्यावर नावं.

गाव नमुना बघायला आलं. सगळ्यांनी भोवती फेरी मारली. "बरा आहे," म्हणाले. चहा पिऊन घरी गेले. कुणी नावांवरून बोटसुद्धा फिरवलं नाही.

"साहेब, काहीतरी चुकलंय," तहसीनताई म्हणाल्या.

"अहो, यंत्र तुमचं, निकाल तुमचा. आता पुन्हा काय?"

साळगावकर वाईट माणूस नव्हते बरं का. पलीकडच्या मातीखाली त्यांचीही आत्या होती. त्यांना फक्त काहीतरी लवकर उभं राहिलेलं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर पालवी वर्गात आली तेव्हा तहसीनताई पेटीने साठवलेले आवाज पुन्हा ऐकत होत्या. त्यात पालवीच्या आईचा आवाज लागला.

"...आम्ही जेट्टीवर गेलो. मी त्याला हाक मारली. नंतर लोकांनी मला घरी आणलं..."

पालवी म्हणाली, "आई अशी नाही बोलली."

"तिचाच आवाज आहे गं."

"शब्द तिचेच आहेत. पण हाक मारली असं म्हणून ती थांबली होती. अशी." पालवीने मान किंचित वळवली आणि डावा कान खिडकीकडे, खाडीकडे केला. "मग बोलली. ते थांबणं कुठं गेलं?"

तहसीनताईंनी आवाज थांबवला. पेटी काम सुरू करण्याआधी आवाज साफ करत असे. खोकला, कोंबडा, पंख्याची घरघर काढून टाकी. आणि माणसं गप्प राहिली की तेवढा तुकडा कापून टाकी. शांततेत शब्द नसतात, मग ती ऐकायची कशाला? असं तिला शिकवलेलं होतं, आणि तहसीनताईंनीच शिकवलेलं होतं.

त्यांनी मूळ आवाज काढले. मंदा थांबली होती. गणूतात्या थांबले होते, बडबडे तात्यासुद्धा. ज्याने ज्याने "हाक मारली" म्हटलं होतं तो तो तिथेच थांबला होता. त्या घटनेनंतर नोकरीसाठी गावात आलेले मास्तर आणि नर्सबाई मात्र तीच हकिगत सांगताना थांबत नव्हते. तहसीनताईंनी पेटीला फक्त ती शांतता मोजायला लावली.

पडद्यावर रेघा उमटल्या. वेगवेगळ्या माणसांच्या, म्हाताऱ्यांच्या, तरुणांच्या. आणि सगळ्या जवळजवळ सारख्या लांबीच्या. दोन सेकंद आणि वर श्वासभर.

"दोन सेकंदच का?" पालवीने विचारलं.

तहसीनताई फळ्याकडे गेल्या, खडू उचलला आणि खाली ठेवला. मग पालवीचा हात धरून तिला जेट्टीवर घेऊन आल्या. भरती लागली होती.

"आवाज हवेतून एका सेकंदात किती लांब जातो, ठाऊक आहे?"

"तीनशे चाळीस मीटर. आत्ताच झालंय आम्हाला."

"आणि नकाशावर ही खाडी इथे जवळजवळ तेवढीच रुंद आहे. तू हाक मारलीस. ती पलीकडे पोचायला एक सेकंद. ऐकणाऱ्याने श्वास घेऊन ओ द्यायची. ती परत यायला आणखी एक सेकंद."

पालवीने समोर पाहिलं. पाणी, पाण्यापलीकडे उतार, उतारावर उगवलेलं गवत. गावातलं प्रत्येक माणूस, चुलीपुढे बसून बोलत असलं तरी, त्या वाक्याशी येऊन अजून ओ ऐकायला थांबत होतं. हाक जाऊन परत यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ. एवढी मोठी खाडी सगळ्यांच्या बोलण्यात मावली होती आणि कुणालाच त्याचा पत्ता नव्हता.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे ही जखम नाही."

"नाही गं. जखम हा वर्तमानपत्रांतून घेतलेला शब्द होता. मी विचारलं म्हणून त्यांनी पाहुण्याला चांगल्या कपातून चहा द्यावा तसा मला तो दिला. तुमच्या गावाला हे दुःख म्हणजे ओ न आलेली हाक वाटते. कुणी तसं म्हणालं नाही. सगळे तसे थांबले."

चित्र सापडलं तसं स्मारक बदललं. चीर गेली. तहसीनताईंनी कागदावर दोन वाट्या काढल्या. एक कुडव्याच्या काठावर, एक समोर माणगुळाच्या. घराएवढ्या उंच, उभ्या, एकमेकींकडे तोंड केलेल्या. तुम्ही बॅटरीच्या दिव्यामागची चकचकीत वाटी पाहिली असेल. मधला दिवा इवलासा, पण वाटी त्याचा सगळा उजेड गोळा करून सरळ पुढे फेकते. दगडाची वाटी आवाजाचं तसंच करते. तिच्या नेमक्या मध्यावर उभं राहून बोललं तर शब्द चहूकडे सांडत नाहीत, एकवटून सरळ समोर जातात. समोरची वाटी ते झेलते आणि तिच्या मध्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या कानात आणून ठेवते. वीज नको, तार नको. गावच्याच जांभ्याच्या वाट्या, आतून शिंपल्यांच्या चुन्याने घोटून गुळगुळीत केलेल्या.

"झकास," साळगावकर गावच्या सभेत म्हणाले. "पण पलीकडे ओ कोण देणार? तिथं चिटपाखरू नाही."

मग त्यांनीच घसा साफ केला. "आता यंत्रं आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. लोकांच्या फोनमध्ये माणगूळच्यांचे आवाज आहेत. लग्नातले, वाढदिवसांचे. समजा पलीकडच्या वाटीत एक पेटी ठेवली. आपण हाक मारली की ज्याची त्याच्या आवाजात ओ. माझ्या आत्याची मला... म्हणजे, सगळ्यांनाच."

मागच्या रांगेत मंदा उभी राहिली. ती सभेत कधी बोलत नसे.

"सारंगाची येईल?"

"येईल ना, वहिनी."

"त्याच्याच आवाजात?"

तहसीनताई म्हणाल्या, "मंदाताई, ती त्याची नसेल. त्याच्यासारखी असेल."

"मला कळतंय ते," मंदा म्हणाली. "मी काय खुळी नाय. पण मी एकदा हाक मारल्ये. ती अजून तिथंच आहे."

तहसीनताईंनी रात्रंदिवस विचार केला आणि एकच अट घातली. पेटी आपणहून बोलणार नाही. पलीकडे घरचं माणूस उभं राहील आणि त्याने कळ दाबली तरच ओ निघेल. गावचा नियमच आहे, ओ माणसाने द्यायची.

"माझ्या घरचं दुसरं कोण आहे?" मंदा म्हणाली. "पालवी जाईल."

वाट्या बांधून झाल्या, आणि पलीकडे जाताना पालवीने आईकडे पाहिलं. आईने तिची वेणी सारखी केली. नाव घेतलं नाही.

पहिल्या चाचणीच्या सकाळी खाडीवर धुकं होतं. गणूतात्यांनी होडी काढली. एरवी ते एवढ्या पाण्यात तीन माणसांची निंदा उरकायचे. आज मध्यावर आल्यावर एवढंच म्हणाले, "पोरी, घाबरलीस काय?"

"तात्या, दादाची ओ आली तर आई रोज जाईल ना तिथं?"

"जाईल की."

"रोजच?"

तात्यांनी वल्हं दोनदा मारलं. "गोड पाण्याची विहीर मिळाली तर बाई दुसऱ्या आडावर कशाला जाईल?"

तहसीनताई तात्यांबरोबर खाली घाटावर थांबल्या. पालवी एकटी वर चढली. वाटी धुक्यात उभी होती, तिचा वरचा काठ दिसतच नव्हता. आत पाऊल टाकताच पालवीला आपलाच श्वास मोठा ऐकू आला. मध्यावर पितळेची खूण होती, तिच्याशेजारी छोट्या खांबावर पेटी आणि लाल कळ. पालवी खुणेवर उभी राहिली.

आणि एकाएकी कुडवे तिच्या कानात आलं. दिसत काहीच नव्हतं, पण जेट्टीवर आदळणारं पाणी ऐकू येत होतं. कुणीतरी शिंकलं. साळगावकर "हळू, हळू" म्हणत होते. मग बांगड्या किणकिणल्या. त्या तिला ओळखू आल्या. आई पलीकडच्या खुणेवर येऊन उभी राहिली होती. आईने घेतलेला श्वास अख्खी खाडी ओलांडून पालवीच्या कानाशी आला. जणू ती पाठीशीच उभी होती. पालवीने वळूनसुद्धा पाहिलं.

"सारंगाऽऽ!"

सात वर्षं आत कोंडलेला आवाज होता तो. वाटी थरारल्यासारखी वाटली. पालवीचं बोट कळेवर होतं. एवढंसं दाबायचं होतं. आईला हवं ते तिच्या बोटाखाली होतं, आणि ते आईला द्यावं असं तिला मनापासून वाटत होतं. खरंच वाटत होतं. पलीकडे सगळं गाव थांबलं होतं. मान किंचित वळवून, कान इकडे करून. ती शांतता तिने पेटीच्या पडद्यावर रेघेसारखी पाहिली होती. आता ती तिच्या दुसऱ्या टोकाला उभी होती, जिथून ओ यायची असते तिथे.

माणूस घरात नसला, तर ज्याच्या कानी हाक पडली त्याने ओ द्यायची. आणि खरं काय ते सांगायचं.

पालवीने कळेवरून बोट काढलं. दोन्ही हात तोंडाशी नेले.

"ओऽऽ! आईऽऽ! दादा नाय हिथंऽऽ!" तिचा आवाज चिरकला. तिने पुन्हा श्वास घेतला. "मी आहेऽऽ!"

शब्द गेले. एक सेकंद गेला, दुसरा गेला. श्वासभर वेळ गेला आणि त्याच्याही पुढे वेळ जात राहिला. पलीकडे बांगड्या एकदा वाजल्या. मग हुंदका आला. आधी एकटीचा, मागून पुष्कळांचा. पालवीला वाटलं, चुकलंच आपलं, फार चुकलं. खाली घाटावर तहसीनताई उठून उभ्या राहिल्या, पण वर आल्या नाहीत.

हुंदके हळूहळू ओसरले. कुणीतरी नाक पुसलं. आणि मग धुक्यातून, पाण्यावरून, थकलेल्या माणसाने ओझं उतरवून ठेवावं तसं सावकाश आलं:

"बऽऽरं."

पुन्हा पाण्याचा आवाज. पुन्हा एक श्वास.

"पालवीऽऽ!"

पालवीने शेजारचा खांब धरला. हे नाव तिने शाळेच्या हजेरीत रोज ऐकलं होतं, पण असं कधीच नाही. इतक्या लांबून निघून थेट तिच्यापाशी आलेलं.

"पालवेऽऽ! अगो, ऐकू येतंय काय तुला?"

तेव्हा पालवीने डोळे पुसले, पितळेच्या खुणेवर पाय घट्ट रोवले, छाती भरून श्वास घेतला आणि ओ दिली.